मैनेच्या तोंडात कोणी पाहिलंच नव्हतं : घोड्याच्या दातांच्या डॉक्टरांची एक भेट

सेवा : घरी येऊन घोड्याचे दात तपासणं आणि घासून देणं. खर्च : एका घोड्याचे साडेचार हजार, दात काढावा लागला तर वर दीड हजार, शिवाय पुण्याहून येण्याजाण्याचं पेट्रोल सगळ्यांनी वाटून घ्यायचं. माझे गुण : पाचपैकी साडेचार.

डॉक्टरांचं नाव लिहीत नाही. ते मुख्यतः रेसच्या घोड्यांची कामं करतात आणि आमच्यासारख्यांच्या एखाददुसऱ्या जनावरासाठी सवड काढून येतात. "नाव पसरवलंत तर फोन उचलणार नाही," असं हसत म्हणाले, पण ते हसणं मला फारसं खरं वाटलं नाही. तेव्हा नाव राहू दे. काम कसं केलं ते सांगते, म्हणजे तुमच्या भागात असा कोणी भेटला तर काय अपेक्षा ठेवायची ते कळेल.

मी सासवडच्या पुढे राहते. हायस्कुलात मराठी शिकवते. घरची अंजिराची बाग आहे आणि बागेच्या कडेला दोन घोड्यांचं ठाण. एक म्हातारं तट्टू, ते आमच्या मामांचं. मामा म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत. पुण्यात टांगे होते तेव्हा टांगा हाकलेला माणूस, आता सत्तरी ओलांडलेली, आमच्याकडे जनावरं सांभाळतात. दुसरी मैना. कुमैत म्हणजे तांबूस रंगाची, कपाळावर चांदणी, कानांची टोकं आत वळून एकमेकांना चिकटलेली. मारवाडी जातीच्या घोड्यांचं रक्त नक्की, पण कागद नाहीत. गेल्या डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेत घेतली. दत्तजयंतीच्या गर्दीत, तापीच्या काठावर, तीनशे घोडे बघून डोकं भणाणल्यावर घेतली, हेही कबूल करते. विकणाऱ्याने पाच वर्षांची सांगितली, नाचवून दाखवली, आणि मी भुलले. मराठीत म्हण आहे, 'धर्माचे गाई आणि दात का गे नाही'. मी तर रोख पैसे मोजले होते, तरी दात बघितले नाहीत.

जानेवारी बरा गेला. फेब्रुवारीत मैना डोकं उडवायला लागली.

आधी वळताना एखादा झटका, मग दुडकी सुरू करताना दोन-तीन, मग असं व्हायला लागलं की लगाम जरा हातात घेतला की मान वर. एकदा तिचं डोकं माझ्या चष्म्यावर आदळलं. चष्मा मोडला, नाक वाचलं. कॉलेजात एन.सी.सी.च्या घोडेस्वारीत तीन वर्षं काढलेली असल्यामुळे मला वाटत होतं की मला घोडं कळतं. तिथले घोडे वीस वर्षं पोरींना पाठीवर वागवून शहाणे झालेले होते, मला काही कळत नव्हतं, हा शोध आत्ता पन्नाशीच्या उंबरठ्यावर लागला.

तर डॉक्टरांच्या आधी मी काय काय विकत घेतलं ते आधी सांगते, कारण तुम्हीही हेच घ्याल.

पहिला जेरबंद. 'गुन्हेगार जेरबंद' हे आपण रोज पेपरात वाचतो, पण मूळचा जेरबंद म्हणजे घोड्याच्या छातीखालच्या तंगापासून (खोगीर कसायच्या पट्ट्यापासून) निघून पुढच्या पायांमधून वर येणारा आणि नाकपट्टीला बांधलेला पट्टा. डोकं ठरावीक उंचीच्या वर जाऊच द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. पुण्यातल्या एका दुकानातून अठराशेला घेतला. दुकानदार म्हणाले, "हा घाला, आठवड्यात विसरेल." चामडं चांगलं, शिवण चांगली, बक्कल पितळी. वस्तू म्हणून दोष नाही. पण डोकं वर जायचं बंद झाल्यावर मैना मागे जायला लागली, आणि चौथ्या दिवशी मागच्या दोन पायांवर उभी राहिली. मी घसरून खाली आले, ती मात्र कशीबशी सावरली. मागे उताणी पडली असती तर हे लिहायला मी नसते. पोलोचे घोडे जेरबंद घालून खेळतात, ते मला माहीत आहे, त्यामुळे पट्ट्याला शिव्या देत नाही. पण ज्याला दुखतंय त्याचं डोकं बांधून ठेवणं म्हणजे रडणाऱ्या पोराच्या तोंडावर हात दाबण्यासारखं आहे. मला हे चार दिवस उशिरा सुचलं. तो पट्टा आता अंजिराच्या क्रेट बांधायला वापरतो.

दुसरं, कडक कडियाळं. कडियाळं म्हणजे लगामाचं तोंडातलं लोखंड. ओळखीतल्या एका घोडे शिकवणाऱ्याने सांगितलं, "हिचं तोंड कठीण आहे, पीळ दिलेल्या तारेचं आणा." नऊशे रुपये. दोन दिवस वापरलं. मैनेने जीभ बाहेर काढून एका बाजूला लोंबकळत ठेवायला सुरुवात केली, तेव्हा मामांनी न बोलता ते काढलं आणि खुंटीला न अडकवता थेट भंगाराच्या पोत्यात टाकलं. यावर अधिक लिहीत नाही.

तिसरी वस्तू नाकावरची जाळी. ऑनलाइन, साडेसहाशे. मामांचं मत होतं, "माश्या चावत्यात तिला, ताई." माश्या होत्याच. जाळीने माश्या कमी झाल्या, डोकं उडवणं तसंच राहिलं. मात्र ही जाळी काही घोड्यांना खरोखर उपयोगी पडते, हे मला नंतर डॉक्टरांकडून कळलं. घोड्याच्या चेहऱ्याला संवेदना पुरवणारी एक मोठी मज्जातंतू असते, माणसालाही असते. काही घोड्यांत ती नको तेव्हा नको एवढी चेतते. मग वारा, ऊन, धूळ, कशानेही नाकात वीज चमकल्यासारखं होतं. असा घोडा पाठीवर कोणी नसतानाही अचानक वर-खाली झटके देतो, शिंकतो, नाकपुडी पुढच्या पायाला घासतो, आणि बहुतेकदा ते ठरावीक ऋतूत वाढतं. अशांपैकी काहींना नाकावर जाळीचा स्पर्श राहिला की आराम पडतो. मैनेचं यातलं काहीच नव्हतं. म्हणजे साडेसहाशे रुपयांत मी न झालेल्या रोगावर औषध केलं.

एवढं सगळं झाल्यावर, माझ्याबरोबर एन.सी.सी.त असलेल्या मैत्रिणीने डॉक्टरांचा नंबर दिला. मार्चचा दुसरा आठवडा. फोनवर मी पंधरा मिनिटं मैनेच्या स्वभावाबद्दल बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "गव्हाणीत चघळलेल्या चाऱ्याचे बोळे पडतात का?"

मी म्हटलं नाही. मामा शेजारी उभे होते, ते म्हणाले, "पडत्यात की. रोज झाडतो मी."

रोज! दोन महिने तो माणूस रोज सकाळी अर्धवट चावलेल्या कडब्याचे लिंबाएवढे गोळे झाडून उकिरड्यावर टाकत होता, आणि मी चंदीत, म्हणजे तिच्या दाण्यात, गूळ घालावा का याचा विचार करत बसले होते. मामांची चूक नाही. मी विचारलंच नव्हतं. इथेच घोडं पेंड खात होतं. नीट चावता न येणारी पेंड.

या सेवेतला मला सर्वांत आवडलेला भाग पुढचा आहे आणि त्याचे त्यांनी पैसेही घेतले नाहीत. यायला चार आठवडे लागणार होते, कारण मुंबईचा रेसचा हंगाम एप्रिलपर्यंत चालतो. तोवर त्यांनी चार व्हिडिओ मागवले. पहिला, नुसती म्होरकी (तोंडात लोखंड नसलेला डोक्याचा साज) घालून लांब दोरीवर मैना गोल फिरताना. दुसरा तसाच, पण खोगीर कसून. तिसरा, खोगीर आणि तोंडात साधं कडियाळं, पण लगाम सैल बांधून ठेवलेला. चौथा, मी पाठीवर, आधी लगाम सोडून आणि मग हलका हातात घेऊन, दोन्ही बाजूंना वळत. सगळे सकाळच्या एकाच वेळी काढायचे, नाहीतर ऊन आणि माश्यांचा हिशेब चुकतो.

हे करून बघा. डॉक्टर न बोलावताही करून बघा. पहिल्या व्हिडिओत मैना मान खाली घालून, कान हलवत, एखाद्या सुखी गृहिणीसारखी फिरत होती. दुसऱ्यात शेपूट दोनदा आपटली, बाकी काही नाही. तिसऱ्यात कडियाळं तोंडात गेल्यापासून जीभ आत-बाहेर, जबडा डावीकडून उजवीकडे. चौथ्यात लगाम सैल असताना थोडंफार, हातात घेतल्यावर झटके, आणि डावा लगाम घेतला की दर दोन पावलांना एक. शाळेत मुलांना वाक्यपृथक्करण शिकवते तसंच हे होतं. एकेक पद वेगळं काढायचं आणि वाक्य कुठे कोसळतं ते बघायचं. मी दोन महिने अख्खं वाक्यच खोडत होते.

डॉक्टरांचा निरोप आला : "तोंड, डावी बाजू. येईपर्यंत कडियाळं घालू नका. नाकपट्टी किती घट्ट बांधता?" घट्टच बांधत होते, ती तोंड उघडते म्हणून. दोन बोटं नाकाच्या हाडावर पट्ट्याखाली आरामात गेली पाहिजेत, असं त्यांनी कळवलं. माझं एकही जात नव्हतं.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी ते सात वाजता आले. सातची वेळ दिली होती आणि सातलाच आले, हे वेगळं नोंदवते. किमान तीन घोडे असल्याशिवाय येत नाहीत. मैना आणि तट्टू मिळून दोन, म्हणून मी गावातल्या एका वरातीच्या घोड्याच्या मालकाला पटवलं होतं. पांढराशुभ्र नुकरा, लग्नसराईत दिवसाला दोन वराती करणारा.

मैनेपासून सुरुवात. आधी छातीचे ठोके ऐकले, मग गुंगीचं इंजेक्शन शिरेत. पाच-सात मिनिटांत मैनेची मान हळूहळू खाली आली, खालचा ओठ लोंबला. आंब्याच्या फांदीला दोर टाकून त्यात डोक्याला आधार दिला. मग तोंडात मोठ्या पिचकारीने पाणी मारून चारा धुतला. त्यानंतर तो सांगाडा, जबडा उघडा ठेवणारा, दोन्ही बाजूंना दातेरी खटके असलेला. बघून माझ्या पोटात गोळा आला. प्रत्यक्षात त्यामुळेच त्यांचा हात सुरक्षित राहतो आणि काम लवकर उरकतं. कपाळावर दिवा लावून त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला. घोड्याची शेवटची दाढ जवळजवळ डोळ्याच्या खाली असते, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. त्यांनी हात बाहेर काढला तेव्हा मनगटाजवळ दोन बारीक ओरखडे होते. म्हणाले, "हे तिच्या दाढांनी. असंच तिच्या गालांना रोज होतं."

मग मला आणि मामांना बोलावून, आत दिवा धरून दाखवलं. ही गोष्ट करत नसेल त्याला पैसे देऊ नका. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो आणि दाढा आयुष्यभर वर येत राहतात, वर्षाला दोन-तीन मिलिमीटर. दिवसभर खाली मान घालून गवत खाणाऱ्या घोड्याच्या त्या घासून जातात. आपण कुट्टी आणि चंदी देतो, तीही छातीच्या उंचीच्या गव्हाणीत. मग जबडा पुरता आडवा फिरत नाही, आणि वरच्या दाढांच्या बाहेरच्या, खालच्यांच्या आतल्या कडा पात्यासारख्या धारदार होतात. मैनेच्या डाव्या गालाच्या आत दोन जखमा होत्या, एक जुनी पांढरट, एक ताजी. आणि मी बाहेरून नाकपट्टीने तोच गाल त्याच पात्यांवर आवळत होते.

पण डाव्या लगामाचं कोडं निराळंच निघालं. दाढांच्या रांगेच्या पुढे काही घोड्यांना एक छोटासा बिनकामाचा दात येतो, वुल्फ टूथ म्हणतात. बहुधा वरच्या जबड्यात, शिंगरू वर्षाचं व्हायच्या आसपास. उजवीकडचा बाहेर आलेला दिसत होता, शेंगदाण्याच्या अर्ध्या दाण्याएवढा. डावीकडचा दिसत नव्हता. डॉक्टरांनी बोट फिरवलं, थांबले, माझं बोट धरून तिथे ठेवलं. हिरडीच्या आत, आडवा, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा उंचवटा. कडियाळं मागे ओढलं की हिरडी नेमकी त्या उंचवट्यावर दाबली जायची. लोखंड बाहेर, दात आत, आणि मधे ती मऊ हिरडी. मी बोट काढून घेतलं. काही बोलले नाही. मामा बाजूला जाऊन पाणी प्यायले.

दोन्ही काढले, आधी जागा बधिर करून. शिवाय डावीकडच्या वरच्या तिसऱ्या दाढेवर दुधाच्या दाढेची टोपी अर्धवट सुटून अडकली होती, तीही निघाली. इथे पुढचं प्रकरण. समोरचे दात दाखवून ते म्हणाले, "वरचे-खालचे मधले चार-चार पक्के आलेत, कोपऱ्यातले अजून दुधाचेच. मॅडम, ही पाच वर्षांची नाही. साडेतीन झालीत, साडेचार नाहीत." म्हणजे यात्रेत घेतली तेव्हा फार तर चार. म्हणजे नाचायला शिकवली तेव्हा तीनही नसेल. आणि पुढचे दात आणि दाढा यांच्या मधली मोकळी जागा, जिथे कडियाळं बसतं आणि जिथे हाडावर फक्त पातळ हिरडी असते, तिथे दोन्ही बाजूंना जुने वण होते. काटेरी लगामाचे. वर्गात बारा वर्षांच्या मुलाला दहावीच्या बाकावर बसवून 'हा उद्धट आहे' असा शेरा मारल्यासारखं मला झालं. तो शेरा मीच मारला होता, फेब्रुवारीभर.

घासण्याचं काम चाळीस मिनिटं. काही कानशीने हाताने, काही बॅटरीच्या यंत्राने. यंत्राचा आवाज आणि वास, दोन्ही माणसाच्या दातांच्या दवाखान्यातलेच, फक्त दसपट. ते मधूनमधून थांबून पाणी मारत होते, कारण यंत्राने दाढ तापते. फार गुळगुळीत केलं नाही. दाढांना चावण्यासाठी खडबडीतपणा लागतो, धार तेवढी काढायची. धनुर्वाताची लस झालीय का, हे त्यांनी दात काढण्याआधीच विचारलं होतं आणि माझ्याकडचा कागद बघितल्यावरच पुढे गेले. घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो, त्यामुळे ही विचारणा झाली नाही तर तुम्हीच करा. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत चारा नाही, नाहीतर घास अन्ननलिकेत अडकतो. पुढचे तीन दिवस फक्त भिजवलेला कोंडा आणि ओला चारा. दोन आठवडे तोंडात लोखंड नाही.

तट्टूचं काम पटकन झालं. म्हाताऱ्याच्या दोन दाढा पडायला आल्या होत्या, त्यातली एक हाताने निघाली. मामांनी ती मागून घेतली, का ते विचारलं नाही.

नुकऱ्याचं तोंड उघडल्यावर मात्र सगळेच गप्प झाले. त्याच्या लगामाला चार खिळ्यांसारखी टोकं होती आणि जिभेवर त्यांच्या खुणा. मालक ओशाळला. "नाचवायला लागतं, सर, बँड वाजतो, पोरं फटाके लावतात." डॉक्टरांनी आवाज चढवला नाही. जनावरांकडून काम करून घेण्याबाबतचे 1965 चे नियम आहेत, त्यात काटेरी लगामाला बंदी आहे, एवढं सांगितलं. आणि मग आपल्या गाडीतला एक साधा जुना लगाम त्याला देऊन टाकला. त्याचे पैसे घेतले नाहीत. मालक तो वापरतोय का? परवा वराती दोन पाहिल्या. एकीत वापरत होता.

निघण्यापूर्वी डॉक्टरांनी माझा साज मागितला. कडियाळं साडेपाच इंची होतं, मैनेचं तोंड पाच इंची. म्हणजे ते आडवं सरकत होतं. भाळावरचा पट्टा आखूड होता, आत वळलेल्या कानांच्या बुडाशी चामडं रुतत होतं. यावर दोन मिनिटं. मग त्यांनी कडियाळ्याची दोन टोकं स्वतःच्या दोन मुठीत धरली, डोळे मिटले आणि मला म्हणाले, "लगाम घ्या. मी घोडा. वळवा मला." मी वळवलं. उजवीकडे ठीक. डावीकडे वळवल्यावर ते म्हणाले, "तुमचा डावा हात दार लावून बसलाय." दोन वर्षांपूर्वी माझा डावा खांदा आखडला होता. बरा झाला असं मला वाटत होतं. मैनेला ते वाटत नव्हतं.

दोन आठवड्यांनी नवं कडियाळं आणलं. कानपुरी बनावटीचं, तीन तुकड्यांचं, मधे घेवड्याच्या बीसारखा गुळगुळीत तुकडा. बाराशे पन्नास. जोड गुळगुळीत आहेत, बोट फिरवून बघितले. आत्तापर्यंत घेतलेल्यांत पैसे वसूल करणारी ही एकच वस्तू. पहिल्या दिवशी तोंडात घालताना मैनेने डोकं वर नेलं, वाट बघितली, काही दुखलं नाही, आणि खाली आणलं. दुसऱ्या दिवशी परत तसंच. दुखणं गेल्यावरही दुखण्याची आठवण जायला वेळ लागतो. जवळजवळ तीन आठवडे आम्ही फक्त चालत होतो, बागेच्या कडेने, लगाम सैल ठेवून. मामा मधेच म्हणायचे, "ताई, हे फिरवणं म्हणायचं का देवदर्शन?"

मेअखेरीस दुडकीला सुरुवात केली आणि झटके पुन्हा दिसले. थोडे, पण दिसले. मी घाबरून फोन केला. डॉक्टरांनी दुसऱ्या व्हिडिओची आठवण करून दिली. खोगीर कसल्यावर शेपूट दोनदा आपटली होती ना? खोगीर मी सेकंड हँड घेतलं होतं, रुंद पाठीच्या घोड्याचं. आतली भरण चेपून खांद्यांच्या उंचवट्यावर टेकत होतं. मैनेच्या पाठीवर तिथे थोडे पांढरे केसही आले होते. मी त्यांना चांदणीची धाकटी बहीण म्हणून कौतुकाने पाहत होते, ते दाबाचे डाग निघाले. निबंधाच्या वह्यांवर 'खोगीरभरती टाळा' असा शेरा मी वीस वर्षं लाल पेनाने लिहीत आलेय. यंदा पहिल्यांदा खरीखुरी खोगीरभरती करून घेतली, दोन हजार रुपये देऊन, लोकर घालून. तो कारागीर वेगळा, त्याचं वेगळं लिहीन.

आत्ताची परिस्थिती : जुलै चालू आहे, पाऊस आहे, आठवड्यात चार दिवस अर्धा-पाऊण तास. डोकं उडवणं जवळजवळ नाहीसं झालंय. उरलंय ते दोन ठिकाणी. एक, चिखलात तोल गेला की, ते कोवळ्या घोड्याचं असतंच. पाठीवर माणूस घेऊन स्वतःचा तोल सांभाळायला ती अजून शिकतेय. दुसरं, मी दमले की. वीस मिनिटांनंतर माझा डावा हात पुन्हा दार लावतो आणि मैना लगेच कळवते. मी खांद्याचे व्यायाम सुरू केलेत. गव्हाणीत बोळे पडत नाहीत, मामा आता न विचारता रोज सांगतात, "आज बी न्हाईत."

अर्धा गुण का कापला? एक, लेखी काही देत नाहीत. कुठला दात, काय केलं, पुढे कधी, सगळं तोंडी. मी वहीत उतरवून घेतलं म्हणून हे लिहू शकले. माणसाच्या दाताचा दवाखाना चिठ्ठी देतो, इथेही एक कागद हवा. दुसरं, तीन घोड्यांची अट. पुण्याहून येणाऱ्याला परवडायला हवं, ते मान्य. पण ज्याच्याकडे एकच घोडं आहे आणि ते डोकं उडवतंय, तो तीन घोडे गोळा होईपर्यंत जेरबंदाच्याच दुकानात जाणार.

मैनेच्या वयाच्या घोड्याचे दात दर सहा महिन्यांनी बघायचे, कारण दुधाच्या दाढा अजून पडतायत, असं त्यांनी सांगितलंय. त्यामुळे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा बोलावलंय. मैना आणि तट्टू धरून दोन होतात. नुकऱ्याचा मालक 'बघू' म्हणतोय. सासवड, जेजुरी, नारायणपूर या बाजूला कोणाचं जनावर असेल तर घेऊन या. सकाळी सातला, धनुर्वाताच्या लशीचा कागद बरोबर आणा, आणि आदल्या आठवड्यात गव्हाण स्वतः झाडून बघा.